वायरमनच्या बायकोला करंट

त्या दिवशी देवळात मला देवी आली नव्हती. हे इतक्या जणांना सांगून झाले आहे की आता लिहूनच ठेवावे म्हणते.

चैत्रातली जत्रा होती. माझे माहेर आंदर मावळात, डोंगराला पाठ लावून बसलेले. तिथल्या ग्रामदेवीच्या देवळात सकाळची आरती चालली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याचा गोडसर, आंबूस वास गाभाऱ्याबाहेर रेंगाळत होता. अनवाणी तळव्यांना दगडी फरशी गार लागत होती. संबळाचा ताल छातीला भिडत होता, आणि मध्येच मला वाटले, संबळवाल्याने लय वाढवली. मग ध्यानात आले की संबळ आहे तसाच चालला आहे. माझ्या आतले काहीतरी त्याला मागे टाकून पळत सुटले आहे. आधारासाठी मी खांबाकडे हात नेला. तो पोहोचण्याआधीच, उखळात मुसळ पडावे तसा छातीत आतून एकच घाव बसला. पापण्यांच्या आत पांढरे लख्ख झाले. मी किंचाळले आणि गुडघ्यांवर आले. अंबाडा सुटून केस तोंडावर आले.

केस मोकळे सुटलेली, किंचाळणारी, थरथरणारी बाई देवीपुढे गुडघ्यांवर. आमच्या गावाने याचा जो अर्थ लावायचा तो लावला. संबळवाल्याला खरेच चेव आला. ठकूमावशी पुढे सरसावल्या. त्या माहेरच्या शेजारीण. त्यांच्या कडेवर मी वाढले आहे. त्यांनी माझ्या कपाळभर कुंकवाचा मळवट फासला, पदर पसरला आणि विचारले, "आई, बंगलेवाले माजी वरची जमीन मागत्यात. देऊ का?"

तेवढ्यात दुसरा घाव बसला.

"नको," मी ओरडले. "नको, नको, नको."

जमिनीचा विषय माझ्या कानांपर्यंत पोहोचलाच नव्हता. येणाऱ्या तिसऱ्या घावाला मी नको म्हणत होते. मावशींनी मात्र कपाळ फरशीला टेकवले. त्यांना कौल मिळाला होता.

माझे यजमान विलास वीजमंडळात वायरमन आहेत. किंकाळी ऐकून ते पुरुषांच्या बाजूने गर्दी फोडत आले आणि त्यांनी माझा हात धरला. तिसरा घाव त्याच क्षणी आला. त्यांनी हात झटकला, दोन पावले मागे गेले आणि मी त्यांना कधी ऐकले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "करंट हाय हिच्या अंगात. कुनी हात लावू नका." मागून एका बाईचा भारावलेला स्वर आला, की वायरमनला बी टिकू दिलं न्हाई आईनं.

मी सगळे ऐकत होते. माझ्यावर काय ओढवले आहे हे मला पुरते कळले होते, आणि ते सांगायला माझ्यात श्वास नव्हता.

*

त्याआधीच्या पावसाळ्यात मी घोरावाडीच्या फलाटावर पडले होते. लोणावळ्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते. रोजची गाडी, रोजचे बाकडे. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात लोखंडाची चव होती आणि नाकाशी कुणाच्या तरी टोपलीतल्या पिकल्या पेरूंचा दरवळ होता. मला वाटले, उपास बाधला. पण तपासण्यांमागून तपासण्या झाल्या, आणि पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मॅडम, तुमच्या हृदयावर वण आहे."

मी हसले. आज आठवले की शरम वाटते, पण मी खरोखर हसले. सारे आयुष्य मी कवितेच्या तासाला हृदयावरचे वण समजावून देत आले. त्यांची उदाहरणे दिली, त्यांवर प्रश्न काढले. तो शब्द पांढऱ्या कोटातल्या मुलाच्या तोंडून येईल आणि त्याला त्याचा शब्दशः अर्थच अभिप्रेत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या मांसात एक पांढरी पट्टी होती, तांदळाचे धुवण सांडून वाळल्यासारखी. पूर्वी कधीतरी एक ताप आला होता, लांबला होता, मी त्याला फ्लू समजून काढे घेतले होते. तो ताप हृदयाला चाटून गेला होता.

वण झाला तरी सगळे मांस मरत नाही, त्यांनी समजावले. मेलेल्या भागातून काही जिवंत धागे उरतात. हृदयाला ठोका देणारी वीज एखाद्या वेळी त्या धाग्यांत शिरते आणि बाहेर पडून पुन्हा तिथेच शिरत राहते. मग हृदय इतके वेगाने धडधडते की रक्त पुढे ढकलणेच त्याला जमत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढे एक यंत्र बसवले. हृदय बेफाम झाले तर ते विजेचा धक्का देऊन त्याला ताळ्यावर आणणार होते. तो धक्का बसला तर मला कळेल का, असे मी विचारले होते. डॉक्टर म्हणाले होते, "कळेल."

त्या एका क्रियापदात काय मावलेले असते, ते मला देवळात कळले.

*

धक्क्यांनी माझा जीव वाचवला, यात शंका नाही. पण वाचलेल्या जिवाचे मी काय करावे, हे कुणी सांगितले नव्हते. मी जिना चढेना. गार पाण्याने तोंड धुवेना. कपाळाला कुंकू लावताना बोट थबके, कारण त्याच्या वासाबरोबर तो पांढरा उजेड परत येई. जोरात हसले तर हृदय पळेल आणि पळाले तर घाव बसेल, या भीतीने मी हसणे जपून वापरू लागले. आमची मुलगी मुक्ता हिंजवडीला नोकरी करते. ती रोज सकाळी फोन करून पहिला प्रश्न एकच विचारी, "ठीक आहेस ना?" त्यावर हो म्हणताना माझा आवाज परक्यासारखा येई.

आळीतल्या लोकांना विनोद आयता मिळाला होता: वायरमनच्या बायकोलाच करंट. वाण्याच्या दुकानात कुणी विलासना विचारले, बिल किती येतं हो वहिनींचं? तेही हसले. बाहेर ते सगळ्यांच्या आधी हसत.

घरात मात्र एक गोष्ट घडत होती आणि तिच्याबद्दल आम्ही दोघेही बोलत नव्हतो. मी झोपले की श्वास पाहायला ते जवळ येत आणि माझ्या दंडाला हात लावत. पण तळवा नव्हे. हाताची उलटी बाजू. मला सुरुवातीला वाटले, ताप पाहत असतील. मग एका दुपारी मला उमगले. वायरमन लोकांची ही जुनी सवय आहे. एखादी तार, एखादा खांब जिवंत आहे की मेलेला याची शंका असली, तर ते आधी उलट्या हाताने स्पर्श करतात. तळव्याने धरले आणि वीज असली, तर मूठ आवळते आणि सुटत नाही. विलासचा एक सोबती तसाच गेला होता, खांबावर, आवळलेल्या मुठीनिशी. त्याला उतरवणाऱ्यांत हे होते.

तीच सवय आता माझ्या दंडापर्यंत आली होती. ज्या माणसाने लग्नानंतर मला एम.ए.पर्यंत शिकवले, थंडीत मोटरसायकलवर माझे दोन्ही हात आपल्या खिशांत घालून घेतले, तो मला उलट्या हाताने चाचपत होता. धक्के तीन बसले होते असे मी सगळ्यांना सांगत असे. हा चौथा होता.

मी एकदा विचारले. ते खाली मान घालून म्हणाले, "मला कळतंय गं. हात ऐकत न्हाई."

*

वैशाखात पुन्हा धक्का बसला, या वेळी घरी, भाकरी थापताना. गोळ्यांनी भागेना तेव्हा आम्हांला एका डॉक्टरबाईंकडे पाठवण्यात आले. त्या हृदयातल्या विजेच्या तज्ज्ञ. त्यांचे काम काय हे कळल्यावर विलास पुटपुटले, "म्हंजे ह्या बी वायरमनच." बाईंनी ते ऐकले. "हो," त्या म्हणाल्या, "पण मला लाइन बंद करून काम करता येत नाही."

त्या वाक्यानंतर विलासनी खुर्ची पुढे घेतली. इतक्या महिन्यांत प्रथमच ते कुठल्या डॉक्टरशी बोलले. त्यांनी विचारले की मला धक्का बसताना शेजारच्याला किती धोका असतो. बाईंनी स्पष्ट सांगितले: धोका नाही. किंचित झिणझिणी जाणवेल, क्वचित. माणूस धरून ठेवायला हरकत नाही. विलासनी मान हलवली. मान ऐकत होती. हाताचे मला माहीत नव्हते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. वणातली ती वाट शोधून जाळून बंद करायची, असा बेत होता. मांडीच्या सांध्यातून नळ्या हृदयापर्यंत नेऊन. "पण वण मोठा आहे," त्या म्हणाल्या, "सगळा जाळता येणार नाही. नेमकी वाट कुठून बाहेर पडते ते आधी शोधावं लागेल." आणि ती वाट चालू असताना शोधता येणार नव्हती, कारण हृदय तसे पळत सुटले की, म्हणजे त्यांच्या भाषेत झटका आला की, माझा रक्तदाब कोसळत होता. म्हणून आधी तो मुद्दाम आणायचा, त्याचा बारा ओळींचा आलेख नोंदवून घ्यायचा आणि लगेच थांबवायचा. मग हृदय शांत असताना नळीच्या टोकाने वणाच्या कडेकडेने एकेका जागी कृत्रिम ठोके द्यायचे आणि दर वेळी पाहायचे, की आलेख त्या झटक्यासारखा उमटतो का.

मग माझ्या तोंडून निघाले, "खेकड्याचं बीळ."

त्यांनी भुवया उंचावल्या. मी सांगितले. आमच्याकडे भाताच्या खाचराच्या बांधाला खेकडे बिळे पाडतात. वरच्या खाचरातले पाणी खाली गळून जाते. बीळ दिसत नाही. माझे आबा वरच्या बाजूला बांधालगत एका जागी पायाने चिखल ढवळत आणि मला खाली उभी करत. खाली गळणारे पाणी गढूळ झाले नाही की वीतभर सरकून पुन्हा ढवळत. ज्या जागी ढवळल्यावर खालची धार लाल होई, तिथे बीळ.

बाईंनी विचारले, "आणि बीळ नागमोडी असलं तर?"

"तर गढूळ पाणी उशिरा येतं," मी म्हटले.

"तेच. ठोका दिल्याबरोबर हुबेहूब आलेख आला, तर मी वाटेच्या तोंडाशी आहे. हुबेहूब आला पण जरा उशिरा आला, तर मी बिळाच्या आत आहे. मला आत जायचंय."

*

ती खोली निळसर आणि थंड होती. जंतुनाशकाचा वास जिभेवर कडवट जाणवत होता. छातीवर, पाठीवर चिकटपट्ट्या लावलेल्या. माझे यंत्र त्यांनी तेवढ्यापुरते मुके केले होते. मला गुंगी दिली होती, पूर्ण झोप नव्हे. डोक्याशी उभी असलेली परिचारिका म्हणाली की काही वाटले तर सांगा. काही म्हणजे काय, हे मात्र तिने सांगितले नाही.

"आता मुद्दाम आणतोय," पडद्यामागून बाईंचा आवाज आला. "घाबरू नका. म्हणजे घाबरा, पण हलू नका."

तो आला. देवळातला, भाकरीच्या परातीवरचा, तोच. ज्याच्यापासून मी जत्रेपासून चोरपावलांनी पळत होते, त्याला पाच माणसे हाक मारून बोलावत होती आणि तो हाकेसरशी आला, हे मला अजूनही खरे वाटत नाही. मग गुंगी गडद झाली. त्यांनी तो थांबवला तेव्हा मी तिथे नव्हते.

पुन्हा जाग आली तेव्हा शोध सुरू झाला होता. छातीत ठोके पडत होते, आणि ते माझे नव्हते. ते वेदनादायक नव्हते. वेदना असती तर समजली असती. माझ्याच घरात बसून कुणी परका माणूस माझ्याच आवाजात मोठ्याने वाचत असावा, तसे ते होते. थोडे ठोके, मग थांबा. बाई म्हणत, "नाही." नळी केसभर सरकत असावी. पुन्हा ठोके. "जवळ आलंय. सातवी ओळ बघ, उलटी आहे." कुणीतरी जुळणीचा टक्का सांगे. पुन्हा थांबा.

वृत्त शिकवताना मी मुलांना सांगत असे, मात्रा जुळल्या म्हणजे वृत्त जुळले असे नाही. लघु-गुरूंचा क्रमही तोच हवा. इथे बारा ओळी होत्या आणि त्या बाराही ओळी माझ्या सर्वांत भयंकर क्षणाशी जुळाव्यात, अशी मी प्रार्थना करत होते.

मग एका जागी ठोके पडले आणि कुणी काही बोलण्याआधीच माझे डोळे भरून आले. चालीवरून तो माणूस मी ओळखला. वेग संथ होता, बाईंच्या हातात होता, पण प्रत्येक ठोक्याचे छातीत आदळणे तेच होते. औषधाचा भास असेल. बाईंना नंतर सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत, एवढे खरे.

"उशीर आहे मध्ये," पडद्यामागून कुणीतरी म्हणाले.

"आणि आकार?"

"बाराच्या बारा."

"मग हेच. थांबा इथे."

जाळताना खांद्यात आणि जबड्यात गरम चहाचा मोठा घोट अडकल्यासारखे दुखले. असे किती वेळा झाले, मोजले नाही. शेवटी त्यांनी पुन्हा तो झटका आणून पाहायचा प्रयत्न केला. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. बोलावणे गेले, कुणी आले नाही. बाई म्हणाल्या, झाले. माझे अंग मात्र तसेच ताठ वाट पाहत होते. वॉर्डात आल्यावरही, पाय सरळ ठेवून उताणी पडलेली असताना, ते वाटच पाहत होते.

एक वाट बंद झाली, दुसरी अर्धवट सापडली, असे बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे सांगितले. वण तिथेच राहील. यंत्रही राहील. त्याची शिकवण त्यांनी बदलली: शक्य तर आधी धक्का न देता हृदयापेक्षा थोड्या जलद ठोक्यांनी त्याला गाठायचे आणि थांबवायचे. पुन्हा होणार नाही असे वचन मी मागितले. त्यांनी दिले नाही. त्या नकाराबद्दल मी आज त्यांची ऋणी आहे, तेव्हा नव्हते.

*

घरी आल्यावर ठकूमावशी भेटायला आल्या, आंदर मावळातून दोन गाड्या बदलून, पिशवीत तांदळाची कणी घेऊन. मला राहवेना. मी त्यांना सांगून टाकले की ती देवी नव्हती, यंत्र होते. मी जमिनीला नव्हे, दुखण्याला नको म्हटले होते. कौल खोटा होता. हवे तर अजून विचार करा.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "ते मला जत्रंच्या दुसऱ्या दिशीच समाजलं व्हतं गं. तुजा भाऊ म्हनला मशिन हाय."

"मग जमीन?"

"मलाच नव्हती द्यायची. पन तिगं पोरांम्होरं माजं कोन ऐकतंय? कुनीतरी नको म्हनाया पायजे व्हतं." आणि बशी उचलून त्या फुर्रकन चहा प्यायल्या.

त्या आजारपणात मी खळखळून हसले ती पहिली वेळ. हसून झाल्यावर छातीवर हात ठेवून बसले. काही झाले नाही.

*

भाद्रपदात यंत्राची तपासणी होती. तंत्रज्ञ मुलीने खांद्यावर एक चकती ठेवली, पडद्याकडे पाहिले आणि सहज म्हणाली, "एकदा आलं होतं की. दोन महिन्यांपूर्वी."

मी म्हटले, शक्य नाही, मला धक्का बसला नाही. ती म्हणाली, बसणार नाहीच; संथ जातीचे होते, यंत्राने ठोके देऊन गाठले आणि थांबवले. काही क्षणांचाच खेळ. तुम्हांला कळलेही नसेल. तिने तारीख सांगितली, दुपारची वेळ सांगितली.

तो दिवस मला विसरता येण्यासारखा नव्हता. आषाढात आम्ही दोघे माहेरी भाताच्या आवणीला, रोपे लावायला, गेलो होतो. मला नुसते बांधावर बसायचे होते, पण चिखलाचा तो उबदार, कुजकट-गोड वास आला आणि मी साडी खोचून खाचरात उतरले. पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय निघेना, दुसरा अधिकच आत जाऊ लागला. क्षणभर घेरीही आली. मला वाटले, उन्हाने आणि हसण्याने. बांधावरच्या बाया ओरडत होत्या, "अवो वायरमन, खांब रुतलाय तुमचा, उपसा." विलास तसेच पँटसकट उतरले. त्यांनी माझी दोन्ही मनगटे धरली आणि ओढू लागले. चिखल सोडेना, तेही सोडेनात. किती तरी वेळ आम्ही तसेच होतो. त्या रात्रीपासून त्यांनी माझ्या दंडाला उलटा हात लावला नव्हता.

मी खोलीबाहेर आले. विलास बाकावर माझी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. लपवावे असे मनात आले. हे कळले तर तो उलटा हात पुन्हा सुरू होईल, ही भीती त्या झटक्याच्या भीतीहून मोठी होती. पण मी सांगितले. उभ्या उभ्याच, सगळे: आषाढात, आवणीच्या दिवशी, दुपारी. तुम्ही मला चिखलातून ओढत होतात, तेव्हा.

त्यांनी आपले दोन्ही तळवे पाहिले.

"दोनी हातांनी धरली व्हती मी तुला," ते म्हणाले.

"हो. आणि झटका चालू होता. तुम्हांला माहीत असतं तर?"

त्यांनी फाइल काखेत मारली आणि ते उठले.

"मंग? सोडली असती तर चिखलात बसली असतीस."